‘चांगल्या प्रॉडक्टला पीआर लागत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

स्टार्टअपवाल्यांच्या ग्रुपांवर एक पोस्ट पुन्हा पुन्हा फिरते. सार असं: टेक कंपनीने पीआर (म्हणजे जनसंपर्क) आणि मार्केटिंगवर घातलेला पैसा पाण्यात जातो. चांगल्या प्रॉडक्टला पीआर लागत नाही, टुकार प्रॉडक्टला पीआर तारत नाही. टेस्लाने तर पीआर विभागच बंद केला. ऑफिसमधल्या गप्पांचं ॲप स्लॅक, हॉटमेल, व्हॉट्सॲप आपोआप पसरले. सोशल मीडिया फुकट आहे, मग पत्रकारांच्या मागे कशाला लागायचं? आणि बोभाटा झालाच तर गप्प बसा, लोक दोन दिवसांत विसरतात. हे वाचून इंजिनिअर खूश होतात, फायनान्सवाले त्याहून जास्त. मी पीआरच्याच धंद्यातला, त्यामुळे माझी बाजू उघड आहे. तरीही पोस्टमधलीच उदाहरणं घेऊन बघू.

टेस्लाने 2020 मध्ये पीआर टीम मोडीत काढली, हे खरं. पण तोवर इलॉन मस्क यांचे ट्विटरवर कोट्यवधी फॉलोअर होते आणि त्यांच्या दोन शब्दांचीही बातमी व्हायची. विभाग गेला, काम मात्र एका माणसाच्या फोनवर आलं. असं चाललं की काय होतं, ते 7 ऑगस्ट 2018 लाच दिसलं होतं. टेस्लाचे शेअर 420 डॉलर भावाने घेऊन कंपनी खासगी करायचा विचार आहे, पैशाची सोय झाली आहे, असं ट्विट मस्क यांनी टाकलं. दिशाभूल केल्याच्या आरोपावरून एसईसी या अमेरिकी शेअरबाजार नियामकाशी तडजोड करताना त्यांना 2 कोटी डॉलर आणि कंपनीला वेगळे 2 कोटी डॉलर भरावे लागले, अध्यक्षपद सोडावं लागलं, आणि कंपनीच्या महत्त्वाच्या बाबींवर ट्विट करण्याआधी वकिलाची मंजुरी घ्यायची अट आली. मजकूर बाहेर पडण्याआधी वकिलाच्या नजरेखालून घालणं, हे कुठल्याही पीआरवाल्याचं रोजचं काम. 2023 मध्ये मस्क यांनी शेअरहोल्डरांसमोर ‘थोडी जाहिरात करून बघू’ असंही म्हटलं. तेवढं पोस्टमधून गळलं आहे.

स्लॅक ‘आपोआप’ पसरलं, हे त्याच्या संस्थापकालाच मान्य नाही. ऑगस्ट 2013 मध्ये स्ट्युअर्ट बटरफील्ड यांच्या टीमने प्रीव्ह्यू रिलीज जाहीर केलं, तेव्हा जमतील तेवढ्या माध्यमांत बातमी यावी म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं होतं. पहिल्याच दिवशी 8,000 जणांनी प्रवेश मागितला, दोन आठवड्यांत आकडा 15,000 वर गेला. लाँचच्या वेळी पारंपरिक माध्यमांना कमी लेखू नका, हा त्यांनी स्वतः काढलेला धडा. बटरफील्ड हे आधीच फ्लिकर या फोटो-साइटचे सहसंस्थापक म्हणून पत्रकारांना माहीत होते, ही पुण्याईही हिशेबात धरा.

हॉटमेलचं उत्तर सोपं आहे. 1996 मध्ये सुरू झालेल्या या सेवेतून गेलेल्या मेलच्या तळाशी ‘तुम्हीही फुकट ईमेल घ्या’ अशी ओळ असायची. गुंतवणूकदार टिम ड्रेपर यांनी ती लावून धरली होती. याला जाहिरात म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?

व्हॉट्सॲपच्या संस्थापकांना जाहिरातींचं वावडं होतं, हे कबूल. पण जानेवारी 2021 मध्ये नव्या प्रायव्हसी पॉलिसीची नोटीस लोकांच्या फोनवर धडकली, नीट समजावलं कुणीच नव्हतं, आणि लोक सिग्नल-टेलिग्रामकडे पळू लागले. मग त्याच व्हॉट्सॲपने भारतातल्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि 8 फेब्रुवारीची मुदत 15 मेपर्यंत पुढे ढकलली. आपल्याच ॲपवर फिरणाऱ्या अफवांना उत्तर द्यायला कागदाचा आधार घ्यावा लागला, याची मला अजून गंमत वाटते.

आता ‘फुकट’ सोशल मीडिया. फेसबुकने 2014 मध्येच सांगून टाकलं होतं की माणूस लॉगइन करतो तेव्हा सरासरी 1,500 पोस्ट रांगेत असतात आणि फीडमध्ये सुमारे 300 दिसतात. उरलेल्यांत तुमच्या कंपनीची असली तर पैसे भरून ती जास्त लोकांना दाखवायचं ‘बूस्ट’चं बटण समोरच आहे. शिवाय पत्रकाराला बाजूला सारलं की चूक पकडणारा एक माणूसही जातो. फेब्रुवारी 2023 मध्ये गुगलने बार्ड या आपल्या एआय चॅटबॉटची झलक ट्विटरवर टाकली. नऊ वर्षांच्या मुलाला जेम्स वेब दुर्बिणीबद्दल काय सांगू, असा प्रश्न. उत्तरात बार्ड म्हणाला की सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचा पहिला फोटो याच दुर्बिणीने काढला. तो फोटो 2004 मध्येच व्हीएलटी या दुर्बिणीतून घेतलेला होता. खगोलशास्त्रज्ञांनी चूक दाखवली, आणि 8 फेब्रुवारीला गुगलची मूळ कंपनी अल्फाबेटचं बाजारमूल्य सुमारे 100 अब्ज डॉलरनी घसरलं. एक ओळ कुणी तपासून घेतली असती तर?

टुकार प्रॉडक्टला पीआर तारत नाही, हे पोस्टमधलं वाक्य मात्र मान्य. ह्युमेन कंपनीच्या 699 डॉलरच्या एआय पिनचा, म्हणजे कपड्यावर लावायच्या एआय उपकरणाचा, केवढा गाजावाजा झाला होता! एप्रिल 2024 मध्ये रिव्ह्यू आले, त्यात पिनची पिसं निघाली, आणि पुढच्या फेब्रुवारीत बराचसा बारदाना एचपीने 11.6 कोटी डॉलरला उचलला.

राहिला ‘गप्प बसा’ हा सल्ला. सगळ्यात महागात पडणारा हाच. 1994 मध्ये थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना इंटेल कंपनीच्या पेंटियम या कॉम्प्युटर चिपच्या भागाकारात चूक सापडली. 4195835 ला 3145727 ने भागलं की उत्तर 1.33382 यायला हवं, पेंटियम 1.33373 द्यायची. कॅल्क्युलेटर उघडून कुणालाही पडताळता येईल अशी चूक. इंटेलला ती आधीच ठाऊक होती, पण कंपनी गप्प बसली. बोभाटा झाल्यावर कंपनीचं म्हणणं, सामान्य माणसाला ही चूक 27,000 वर्षांतून एकदा भेटेल. ज्याला खरोखर गरज आहे हे पटवून देता येईल, त्याला चिप बदलून देऊ. ग्राहक खवळले ते चुकीपेक्षा या अटीवर. 12 डिसेंबरला आयबीएमने पेंटियमवाल्या कॉम्प्युटरांची विक्री थांबवली. 20 डिसेंबरला इंटेलने माफी मागून मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल केलं. खर्च 47.5 कोटी डॉलर. तेव्हा ट्विटर नव्हतं, फेसबुक नव्हतं. नाइसलींच्या ऑक्टोबरअखेरच्या ईमेलपासून टीव्हीवरच्या बातमीपर्यंत जेमतेम तीन आठवडे गेले. आता तेवढी सवलतही कुणाला मिळत नाही.