‘खंडपीठ म्हणजे महिला मंडळ नव्हे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

निनावी महोदय,

उच्च न्यायालयांत महिला न्यायाधीश इतक्या कमी का, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: ‘खंडपीठ म्हणजे महिला मंडळ नव्हे. लायक बायका असत्या तर नेमल्या गेल्याच असत्या.’ शिवाय शीर्षक भडक, उपाय एकही नाही आणि दलित-आदिवासींचा उल्लेख ओझरता, हेही.

शीर्षक भडक होतं, मान्य. पण टोमणा मारायला दम लागतो तसा खाली नाव लिहायलाही लागतो. मतभेदाचं मला वावडं नाही, या सुराचं आहे.

‘असत्या तर नेमल्या गेल्याच असत्या.’ अहो, कुणाला सांगता? मी उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत वकिलीची उमेदवारी केली आहे. जाडजूड पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या कागदांचा बांधीव गठ्ठा, मी वाचायचं, तारखांची यादी मी करायची, साक्षीतल्या विसंगतीवर चिठ्ठ्या मी लावायच्या. आणि पुकारा झाला की युक्तिवादाला उभा राहायचा माझ्यामागून आलेला मुलगा. का, तर ‘पक्षकाराला धीर वाटतो.’ निकाल छापून आला, त्यात वकिलांच्या नावांत मी कुठेच नाही. आणि वकिलांमधून न्यायाधीश निवडताना काय बघतात? छापील निकालांत नाव किती वेळा, उत्पन्न किती! तुमची ती गुणवत्ता मोजायला इथून सुरुवात होते, साहेब.

मुंबई उच्च न्यायालय 1862चं. तिथे पहिल्या महिला न्यायाधीश सुजाता मनोहर आल्या 1978मध्ये. मधल्या 116 वर्षांत एकही लायक निघाली नाही म्हणता? सर्वोच्च न्यायालयात पहिल्या महिला न्यायाधीश फातिमा बीवी 1989मध्ये आल्या, पण वकिलीतून थेट तिथे जाणारी पहिली बाई, इंदू मल्होत्रा, दिसायला 2018 उजाडलं. मग 31 ऑगस्ट 2021ला एकाच दिवशी तिघींनी शपथ घेतली. तोवर काय, लायकीचा दुष्काळ होता?

उपायांचं म्हणाल तर सरकारी पॅनेलवरच्या, म्हणजे सरकारने नेमलेल्या यादीतल्या, वकिलांना अपिलं पाळीपाळीने वाटा आणि ज्याने मसुदा केला त्याला उभं करा, हे लेखाच्या शेवटी स्वच्छ लिहिलंय. तिथपर्यंत तुम्ही पोचला नसाल. दलित-आदिवासींचा विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी; तुम्हाला त्यांचा कळवळा आताच कुठून आला, हे विचारत नाही.

प्रतिक्रिया उडवलेली नाही, राहू दे. पुढची निनावी आली तर मात्र ठेवणार नाही.