महापौर व्हायचंय? आधी पडद्यावर गरीब व्हा

तुम्हाला राजकारणात यायचंय, हे तुमच्या चेहऱ्यावरच दिसतंय. पण म्हणून लगेच सतरंज्या उचलायला, नालेसफाईची निवेदनं द्यायला किंवा साहेबांची वाट बघत पक्षकार्यालयात चहा ढोसायला जाऊ नका. आयुष्य निघून जाईल आणि तिकीट साहेबांच्या भाच्याला मिळेल. त्यापेक्षा फिलिपिन्सकडे बघा. तिथे जोसेफ एस्त्रादा नावाच्या नटाने सगळा अभ्यासक्रम आखून ठेवलाय, आपण नुसता गिरवायचा.

सुरुवात आडनावापासून करा. एस्त्रादांचं खरं आडनाव एहेर्सितो. घर खाऊनपिऊन सुखी, शाळा बड्या घरच्या पोरांची. शाळेने काढून टाकलं, पुढे इंजिनिअरिंगही अर्ध्यात सोडलं आणि पोरगं सिनेमात निघालं. घरच्यांना ते काही रुचलं नाही, म्हणून पडद्यासाठी वेगळं नाव घेतलं. तुमचंही शिक्षण अर्धवट राहिलं असेल तर आनंदाची बातमी आहे, तुम्ही पहिली पायरी न चढताच ओलांडली.

मग भूमिका निवडा. 1961 मध्ये एस्त्रादा तोंदोचे दादा झाले. तोंदो म्हणजे मनिलाच्या बंदराला चिकटलेली, माणसांनी गच्च भरलेली गरीब वस्ती. 1964 मध्ये ते कियापो या मनिलातल्याच गजबजलेल्या भागातले भणंग झाले. एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, गरिबांसाठी खरोखर काही करणं हे अतिशय वेळखाऊ काम आहे. त्यांच्या वतीने श्रीमंत खलनायकाच्या दोन मुस्कटात मारणं दोन तासांत उरकतं, आणि ते पुढची चाळीस वर्षं लोकांच्या लक्षात राहतं.

सान हुआन हे मनिलाला खेटून असलेलं छोटंसं गाव. 1967 साली तिथे ते नगराध्यक्षपदाला उभे राहिले आणि मतमोजणीत पडले. पडलात तर खचू नका, निकालाला आव्हान द्या. 1969 साली तेच विजयी ठरले आणि 1986 पर्यंत खुर्चीवर राहिले. मध्यंतरी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी मार्शल लॉ लावल्यामुळे वेळच्या वेळी निवडणुका घेण्याची कटकटही बरीचशी परस्पर मिटली. नशीब लागतं हो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंग्रजी चुकवा. मनिलाच्या क्लबांत आणि कॉलेजांत त्यांच्या मोडक्या इंग्रजीचे विनोद फिरू लागले, तेव्हा आपल्याकडचा एखादा पुढारी असता तर अब्रुनुकसानीची नोटीस धाडून मोकळा झाला असता. एस्त्रादांनी उलट त्या विनोदांना हवा दिली. त्यांचं पुस्तक निघालं तेही चालू दिलं. झालं काय, की इंग्रजीवाले पोट धरधरून हसले, आणि ज्यांना आयुष्यभर त्याच इंग्रजीवाल्यांनी हसून घेतलं होतं त्यांनी ते हसणं ऐकलं. त्यात मनगटावरचा तो रुंद पट्टा, झोपडपट्टीत बसून हाताने कालवलेला भात आणि 'एराप गरिबांसाठी' ही घोषणा (एराप हे त्यांचं टोपणनाव). 1998 मध्ये माणूस थेट राष्ट्राध्यक्ष! तेव्हा तुमचे शत्रू सुशिक्षित असावेत, याची खास काळजी घ्या. त्यांच्याइतका फुकटचा प्रचार कोणी करत नाही.

राष्ट्राध्यक्ष झाल्यावर खर्च वाढतो. तिथे हुएतेंग नावाचा आकड्यांचा बेकायदा जुगार चालतो, आपल्या मटक्याचा चुलतभाऊच म्हणा ना. 1 ते 37 मधले दोन आकडे सांगायचे, पेसो दोन पेसो लावायचे. पैसे गोळा करणारा माणूस दारोदार फिरतो, म्हणजे मोलकरणीला आणि रिक्षावाल्याला जुगारासाठी कामही बुडवावं लागत नाही. या धंद्यातून एस्त्रादांपर्यंत 54 कोटी पेसोंहून जास्त रक्कम पोचली, असं न्यायालयाने पुढे म्हटलं. ती कोणाच्या खिशातून निघाली, हा हिशोब मात्र चुकूनही चाहत्यांसमोर मांडू नका. उगाच सिनेमाची मजा जाते.

याच पैशांवरून महाभियोग आला. जानेवारी 2001 मध्ये त्याच्या सुनावणीत, त्यांच्याविरुद्धचा बँकेचा पुरावा ज्यात असल्याचं बोललं जात होतं ते पाकीट उघडायचं की नाही, यावर सिनेटमध्ये मतदान झालं. 11 विरुद्ध 10 मतांनी ते बंद राहिलं. मोबाइलवर मेसेज फिरले, लोक मनिलातल्या एड्सा या हमरस्त्यावर लोटले आणि चार दिवसांत एस्त्रादांना राजवाडा सोडावा लागला. तुमच्यावर अशी वेळ आली तर घाबरू नका. एप्रिलमध्ये त्यांना अटक होताच वस्त्यांमधली माणसं त्याच रस्त्यावर आली आणि 1 मेला राजवाड्यावर चालून गेली. जानेवारीत ज्या गर्दीला 'जनशक्ती' म्हटलं होतं, तिच्यासारख्याच मेच्या गर्दीला 'झुंड' म्हणून सुशिक्षित मनिलाने नाकं मुरडली. आणखी थोडा फुकटचा प्रचार. शिवाय त्याच महिन्यात बायको सिनेटवर निवडून आली.

12 सप्टेंबर 2007 ला सरकारी लुटीच्या गुन्ह्यात जन्मठेप झाली. 25 ऑक्टोबरला माफी मिळाली. सहा आठवडे! माफीचा कागद लिहून घेताना मात्र वकील चांगला धरा. एस्त्रादांनी पुन्हा निवडणूक न लढवण्याचं जाहीर वचन दिल्याचा उल्लेख त्या कागदात होता, पण तो 'ज्याअर्थी'मध्ये. 'त्याअर्थी'मध्ये सगळे हक्क परत. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगून टाकलं की 'ज्याअर्थी' ही प्रस्तावना आहे, अट नव्हे. तोवर ते 2010 ला राष्ट्राध्यक्षपदासाठी लढून दुसरे आलेही होते आणि 2013 पासून मनिलाचे महापौर होते. हरवलं कोणाला, तर स्वतःच्याच मंत्रिमंडळातल्या माजी गृहमंत्र्यांना.

घरच्यांचं विसरू नका. स्थानिक पदावर ओळीने तीनच मुदती, प्रत्येकी तीन वर्षांच्या, असा तिथला कायदा आहे. नऊ वर्षं झाली की घरातलं पुढचं माणूस काढायचं. सान हुआनमध्ये 1992 पासून एक मुलगा, 2001 पासून दुसरा, 2010 पासून त्या दुसऱ्याची आई. (पहिल्याची आई वेगळी, ती सिनेटवर गेलेली. सगळ्यांची नीट सोय लावणारा असा कुटुंबप्रमुख विरळाच.) 1987 च्या राज्यघटनेत घराणेशाहीला बंदी आहे, फक्त घराणेशाही म्हणजे काय ते कायद्याने ठरवायचंय. तो कायदा काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने करायचा, आणि काँग्रेसमध्ये कोण बसतं हे तुम्हाला आता कळायला हरकत नाही.

एकच धोका आहे. तुमच्यासारखाच एखादा नट समोर येतो, आणि तो खरोखरचा गरीब निघतो. इस्को मोरेनो तोंदोतच वाढला, लहानपणी रद्दी गोळा करायचा. एका मयताच्या घरी सिनेमावाल्याच्या नजरेस पडला आणि नट झाला. 2019 मध्ये त्याने एस्त्रादांना महापौरपदावरून घरी बसवलं. भूमिका तीच, फक्त याला मेकअपची गरज नव्हती. त्याच निवडणुकीत सान हुआनमध्ये नात पडली, सिनेटला दोन्ही मुलगे पडले. एका दिवसात अख्खं घर रिकामं.

अशा वेळी शांत राहा, मुलाखती देऊ नका, लोकांच्या लग्नांना आणि मयतींना जात राहा. 2022 मध्ये दोन्ही मुलगे सिनेटवर परत आले.