बिशप ओडोच्या हातातला सोटा

सगळीकडे फिरणारा दावा असा: "धर्मगुरूंना रक्त सांडायला बंदी होती, म्हणून १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं त्या हेस्टिंग्जच्या लढाईत, नॉर्मंडीतल्या बायो शहराचा बिशप ओडो तलवारीऐवजी गदा घेऊन लढला. गदेने हाडं मोडतात, रक्त निघत नाही."

डोक्यात सोटा बसला की कातडी फाटते आणि रक्त येतंच. हे तेव्हाच्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

पण खरी चूक नियमाबद्दल आहे. चर्चची बंदी शस्त्राच्या धारेवर नव्हती, शस्त्र धरण्यावरच होती. इ.स. ४५१ मध्येच कॅल्सेडनच्या धर्मसभेने धर्मगुरूंना सैन्यात जायला मनाई केली होती. हेस्टिंग्जनंतर काही वर्षांतच नॉर्मन बिशपांनी आपल्या विजयी सैनिकांसाठी प्रायश्चित्तं ठरवली: ठार केलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष. पोपचा प्रतिनिधी अर्मेनफ्रीड याने ती मंजूर केली. जे धर्मगुरू लढले, किंवा लढायला नुसते शस्त्र घेऊन उभे राहिले, त्यांच्यासाठी त्यात वेगळं कलम आहे. गदेला सूट नाही.

आता ज्या चित्राचा हवाला देतात ते, या लढाईची गोष्ट सांगणारं बायोचं भरतकाम बघा. सुमारे ७० मीटर लांब लिननवर लोकरीच्या धाग्याने भरलेलं. गडद घोड्यावरच्या ओडोच्या वर लॅटिन ओळ आहे: बिशप ओडो, हाती दंड घेऊन, पोरांना (म्हणजे तरुण सैनिकांना) धीर देतोय. धीर देतोय! 'दंड' साठी तिथे 'बाकुलुम' शब्द आहे, आणि बिशपच्या धर्मदंडालाही तोच शब्द चालायचा. त्याच कापडावर विटाल नावाच्या स्वाराला इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड याच्या सैन्याची खबर विचारणाऱ्या विल्यमच्या, म्हणजे नॉर्मनांच्या ड्यूकच्या, हातातही सोटा आहे. विल्यम तर धर्मगुरू नव्हता. मला तरी ही हुकमत दाखवायची खूण वाटते. हे काम बहुधा ओडोनेच करवून घेतलं, म्हणजे आपण कसे दिसावं हेही त्याच्याच मर्जीचं. विल्यमचाच एक पाद्री, प्वातिएचा विल्यम, तर लिहितो की ओडोने कधी शस्त्र उचललंच नाही.

राहिला पळवाट शोधणारा भाविक बिशप. ओडो विल्यमचा सावत्र भाऊ, बायोचा बिशप आणि विजयानंतर केंटचा अर्लही, म्हणजे राजाचा बडा सरदार. १०८२ साली विल्यमने त्याला पकडायला सांगितलं, तर बिशपवर हात टाकायला कोणी धजेना. इतिहासकार ऑर्डेरिक व्हिटॅलिस लिहितो की शेवटी विल्यमने स्वतःच त्याला धरलं आणि म्हणाला, मी बिशपला नाही, माझ्या अर्लला अटक करतोय.