दाता आला दारी

चर्चच्या मदत कमिटीवर माणूस निवडून जात नाही, तो सापडतो. माझ्या घरातली एक खोली रिकामी असते, ही बातमी कुणीतरी फादरांच्या कानावर घातली आणि मी सापडलो. "तुम्हाला काहीएक करायचं नाही," फादर म्हणाले, "सणासुदीला लोक गरिबांसाठी वस्तू आणून देतात, तेवढ्या ठेवून घ्यायच्या." तेव्हापासून ती खोलीही रिकामी नाही आणि मीही रिकामा नाही.

गरिबांविषयी माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. ते येतात, वहीतलं नाव दाखवतात, लागेल तेवढं घेतात आणि जातात. एखाद्याला सदरा आखूड झाला तर "असू दे, धाकट्याला होईल" म्हणतात. देणाऱ्याचं तसं नसतं. देणारा बसतो. पाणी मागतो. पिशवीतली एकेक वस्तू बाहेर काढून ती कुणी, कधी, कोणत्या प्रसंगी घेतली होती ते सांगतो. शेवटी पिशवी परत मागतो, कारण पिशवी चांगली असते.

बरं, हे दातृत्व वर्षभर थोडं थोडं येईल तर शपथ. ते सणालाच येतं आणि सण नेमके एकमेकांच्या पाठीला पाठ लावून येतात. ११ नोव्हेंबरला संत मार्टिन. त्याच महिन्यात जागतिक गरीब दिन. तो पोप फ्रान्सिस यांनी सुरू केला आणि १९ नोव्हेंबर २०१७ ला पहिल्यांदा पाळला गेला. मग ६ डिसेंबरला संत निकोलस, म्हणजे ज्यांचा पुढे सांता क्लॉज झाला ते. आणि मग साक्षात नाताळ. त्यानंतर जरा उसंत मिळतेय असं वाटेपर्यंत राखेचा बुधवार उजाडतो आणि प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस सुरू होतात. या दिवसांत प्रार्थना, उपवास आणि दानधर्म असं तिन्ही करावं अशी शिकवण आहे. आता प्रार्थनेला वेळ नसतो, उपवासाला जीव नको म्हणतो. उरलं कपाट. ते माझ्याकडे रिकामं होतं.

जून ते ऑक्टोबर मात्र माझ्या दाराकडे कुत्रं फिरकत नाही. त्या दिवसांत वहीतली माणसं येतात आणि मी त्यांना नाताळातल्या मालातलं उरलंसुरलं दाखवतो. संत पौलाने हे दोन हजार वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. जेरुसलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना त्याने करिंथच्या मंडळीला लिहिलं, की दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे काढून ठेवा, मी आल्यावर गोळा करत बसायला नको. तो जाणकार माणूस होता. कधीतरी त्याच्याही घरातली एखादी खोली रिकामी असणार.

संत मार्टिनची गोष्ट तर आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. मार्टिन चौथ्या शतकातला रोमन शिपाई. आमियां शहराच्या वेशीत थंडीने काकडणारा एक भिकारी त्याला दिसला. जवळ द्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याने तलवारीने आपल्या झग्याचे दोन तुकडे केले आणि अर्धा त्याच्या अंगावर घातला. ही गोष्ट आमच्या लोकांनी जरा जास्तच मनावर घेतली आहे. मार्टिनने अर्धा झगा दिला म्हणून हे सूट देतात तोही अर्धा, नुसता कोट. ट्रॅकसूटची नुसती विजार. एका गृहस्थांनी एकच बूट आणला, डाव्या पायाचा. मी नम्रपणे विचारलं, "याचा जोडीदार?" "तो घरात कुठेतरी आहे. सापडला की आणून देतो, तोवर हा राहू दे." तो राहिला आहे. मी त्यांना संत अंतोनीला नवस करा म्हणून सुचवलं. हरवलेल्या वस्तूंचं खातं त्यांच्याकडे, आणि वस्तू सापडली की गरिबांना भाकरी द्यायची अशी जुनी रीत आहे. म्हणजे बूटही आला असता आणि भाकरीही. गृहस्थ म्हणाले, "एका बुटासाठी एवढा खर्च?"

मार्टिनचं चरित्र लिहिणारा सुल्पिसियस सेवेरस सांगतो, की तो अर्धा झगा पांघरलेला मार्टिनचा अवतार बघून वेशीतले काही लोक हसले. आमच्याकडे देणाऱ्याला कुणी हसत नाही. तो अर्धा सूट घालून रस्त्याने ज्याला जायचं असतं, त्याला हसतात.

आलेल्या मालाचं वर्णन करायचं म्हटलं तर वही पुरणार नाही. काड्या मोडलेल्या छत्र्या. 'द्वितीय क्रमांक, लिंबूचमचा' असं कोरलेली ढाल. मुदत संपलेलं खोकल्याचं औषध ("बाटलीचं सीलही फोडलेलं नाही हो!"). व्यायामाची सायकल, जिच्यावर दात्याच्या घरी आयुष्यभर टॉवेल वाळले. आणि सणाला अन्नधान्याबरोबर कुणीतरी दिलेलं, वजन कसं घटवावं याचं सचित्र पुस्तक. मी ते बाजूला ठेवलं, तर वहीतल्या एका मावशींनी उचलून चाळलं आणि म्हणाल्या, "हे सगळं आम्ही करतोच की."

या मालाचे मी तीन ढीग करतो. एक वापरता येण्याजोगा, एक दुरुस्त करण्याजोगा आणि तिसरा कुणाच्याही नजरेस न पडता कचऱ्यात टाकण्याजोगा. तिसरा ढीग रात्रीच हलवावा लागतो. दिवसा हलवला आणि दात्याने बघितला तर त्याच्या भावना दुखावतात. संत निकोलस रात्रीच्या अंधारात एका गरीब बापाच्या घरी खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकून यायचे, त्याच्या तीन मुलींची लग्नं व्हावीत म्हणून. मी त्याच अंधारात थैल्या घेऊन बाहेर पडतो, फक्त उलट्या दिशेने. निकोलसांना तिसऱ्या खेपेला त्या बापाने पाळत ठेवून पकडलं आणि पाय धरले. मला कोपऱ्यावरच्या दिव्याखाली एका बाईंनी पकडलं. पाय धरले नाहीत, पिशवी धरली. "हा आमच्या ह्यांचा स्वेटर ना?" त्या स्वेटरला कोपरं उरली नव्हती आणि कसरीने छातीवर नकाशा काढला होता. मी म्हणालो, "दुरुस्तीला नेतोय." "एवढ्या रात्री?" "गरज मोठी आहे." बाई भारावल्या. दुसऱ्या दिवशी ह्यांचे आणखी दोन स्वेटर आले.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, संत स्तेफनचा सण असतो. सगळं जग पेंगुळलेलं असतं आणि मी खोलीत सदऱ्यांची बटणं मोजत बसलेला असतो, तेव्हा मला हा संत फार जवळचा वाटतो. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्याची निवड कशी झाली ते आहे. पहिल्या मंडळीत विधवांना रोज अन्नवाटप व्हायचं. ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकूर केली, की आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. प्रेषित, म्हणजे येशूचे निवडक शिष्य, म्हणाले, देवाचं वचन सोडून आम्ही पंगती वाढत बसणं बरं नव्हे. तुमच्यातले सात जण निवडा. ही जगातली पहिली चर्च कमिटी. वाटपावरच्या भांडणातून जन्मली, आणि तिच्या यादीतलं पहिलं नाव स्तेफनचं. पुढच्याच अध्यायात त्याला दगडमार करून ठार केलं. कारण वेगळं होतं, हे मला माहीत आहे. पण वाटपाच्या दिवशी रांग लागली आणि "आमचं नाव यादीत का नाही?" असा आवाज आला, की माझी नजर आधी आवारातल्या खडीकडे जाते.

वाटपाचा कार्यक्रम हा तर स्वतंत्र क्लेश. आधी घोंगड्या नुसत्या वाटून टाकत असत. मग कुणीतरी म्हणालं, छोटासा कार्यक्रम करू. छोटासा म्हणजे मंडप, फलक, प्रमुख पाहुणे, त्यांचा परिचय, त्यांचं भाषण आणि परिचय करून देणाऱ्याचे आभार. याकोबाच्या पत्रात स्पष्ट लिहिलंय, की सोन्याची अंगठी घातलेल्याला "या, इथे बसा" आणि फाटक्या कपड्यातल्याला "तू तिकडे उभा राहा" असं करू नका. आमच्याकडे हे पत्र मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वाचलं जातं, आणि मिस्सा संपली की स्वयंसेवक प्रमुख पाहुण्यांना सोफ्यावर बसवून घोंगडीवाल्यांना उन्हात उभं करतात. त्या उन्हात घोंगडीची गरज कुणालाही पटत नाही, पण भाषण थंडीवरच असतं.

फोटोचं एक शास्त्र आहे. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने घोंगडीची दोन टोकं धरायची आणि दोघांनीही कॅमेऱ्याकडे बघायचं. घेणाऱ्याने हसायचं, पण जास्त नाही, नाहीतर गरज नसल्यासारखं दिसतं. एकदा एका आजोबांनी घोंगडी घेतली आणि सरळ चालू लागले. फोटोग्राफर ओरडला, "आजोबा, परत या, परत द्या, परत घ्या!" दान करताना उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, असं येशूने सांगितलंय, मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आहे. मी हे एका पाहुण्यांना हळूच म्हणून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे, पण फोटोत दोन्ही हात यायला पाहिजेत." त्याच अध्यायात, दान करताना आपल्यापुढे कर्णा वाजवू नका, असंही आहे. तो नियम आम्ही कसोशीने पाळतो. आमच्याकडे लाऊडस्पीकर आहे.

या पाहुण्यांना मला संत लॉरेन्सची गोष्ट सांगायची फार इच्छा आहे. रोम, सन २५८. अधिकाऱ्याने फर्मावलं, चर्चचा खजिना हजर कर. परंपरा सांगते, की लॉरेन्सने तीन दिवसांची मुदत मागितली, होतं नव्हतं ते वाटून टाकलं आणि शहरातले गरीब, आंधळे, पांगळे गोळा करून अधिकाऱ्यापुढे उभे केले: हा आमचा खजिना. याची शिक्षा म्हणून त्याला जाळीवर भाजलं, तर तो म्हणाला म्हणे, ही बाजू झाली, आता उलटा. त्याला आचाऱ्यांचा आणि विनोदी नटांचाही संत मानतात. आमच्या पाहुण्यांनी मात्र खजिन्याकडे एकवार बघितलं आणि विचारलं, "अजून किती जण आहेत? मला पुढे दुसरा कार्यक्रम आहे."

खरं दान करणारी माणसं या सगळ्यात कुठेच सापडत नाहीत. दानपेटीत अधूनमधून एक जाड पाकीट निघतं. नाव नाही, चिठ्ठी नाही. खजिनदारांना हा प्रकार अजिबात पसंत नाही, कारण पावती कुणाच्या नावाने फाडायची? मार्कच्या शुभवर्तमानातल्या विधवेने मंदिराच्या पेटीत दोन टोल्या म्हणजे एक दमडी टाकली, तेव्हा येशूने शिष्यांना बोलावून सांगितलं, हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं. आमचे खजिनदार तिथे असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, ही दमडी कोणत्या फंडात धरायची? वहीत नाव असलेल्या एक मावशी धान्य नेताना पेटीत नाणं टाकतात. त्यावर खजिनदारांनी रीतसर हरकत घेतली, की लाभार्थी आणि देणगीदार एकच असलं तर हिशेब जुळत नाही.

अखेर फादरांनी बैठक बोलावली. मी तयारीनिशी गेलो होतो. इंग्लंडात पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, राजा गरिबांना दान देतो, हे मी सांगितलं. पूर्वी राजे गरिबांचे पायही धुवायचे आणि कपडे द्यायचे. पण दिलेले कपडे अंगाला नीट बसत नसत, म्हणून १७२४ साली बायकांना कपड्यांऐवजी पैसे द्यायची सुरुवात झाली. आता तर चांदीची नाणीच देतात, राजाचं वय जितकं तितके पेन्स. तीनशे वर्षांपूर्वी राजाला जे कळलं ते आपणही करू या, मी म्हणालो. कपडे बंद, रोख मदत सुरू.

"पैसे दिले तर ते उडवतील," एक सभासद म्हणाले. हे गृहस्थ व्यायामाच्या सायकलीचे मूळ मालक.

मग मी ओझानाम काढला. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन संत विन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली. ही पोरं रांगा लावून वाटप करत बसली नाहीत. गरिबाच्या घरी जायची, त्याच्याशी बोलायची आणि काय हवं ते बघायची. आपणही जाऊन विचारू या का?

"काय विचारायचं?" सायकलवाल्यांनी विचारलं.

"तुम्हाला काय पाहिजे, ते."

या कल्पनेने सभा काही वेळ गप्प झाली. खजिनदारांनी घड्याळाकडे बघितलं. एका बाईंना ही कल्पना अतिशय आवडली, पण त्यांना वाटत होतं की विचारलं तर ते सांगतील. बराच खल झाला. शेवटी फादरांनीच निकाल दिला: यापुढे वस्तू घ्यायच्या नाहीत, मदत पैशाने होईल, आणि वाटपाआधी घरोघरी जाऊन विचारपूस करायची. ठराव झाला, अनुमोदन मिळालं, रविवारच्या मिस्सेत तो वाचूनही दाखवला. "कृपया कोणीही जुने कपडे आणू नयेत," फादरांनी दोनदा सांगितलं. मी पहिल्या बाकावर बसून मान डोलावत होतो. घरी जाऊन खोलीला कोणता रंग द्यायचा, इथपर्यंत माझा विचार पोचला होता.

घरी आलो तर दारात एक गठ्ठा आणि गठ्ठ्याशेजारी स्वेटरवाल्या बाई.

"अहो, फादरांनी आत्ताच सांगितलं ना," मी म्हणालो, "कपडे आणू नका म्हणून?"

"म्हणून तर आणले," बाई म्हणाल्या. "हे कपडे नाहीत, पडदे आहेत."