सुचवलेलं गाणं नक्की का सुचवलं?

अल्गोरिदममुळे नवीन संगीत सापडणं सोपं झालं असं एका लेखात वाचलं, ते खरं आहे पण अर्धंच. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपचं डिस्कव्हर वीकली २०१५ मध्ये आलं, म्हणजे तुमच्यासाठी आपोआप बनलेली प्लेलिस्ट, दर सोमवारी ३० गाणी, आणि त्यामागे मुख्य गोष्ट काय तर तुमच्यासारखी आवड असलेले लोक अजून काय ऐकतात, त्यांच्या प्लेलिस्टमध्ये कुठली गाणी शेजारी शेजारी असतात ते बघून तुम्हाला सुचवायचं. आता ज्या कलाकाराला अजून कुणी ऐकलेलंच नाही त्याचा डेटाच नाही, मग तो पोचणार कसा? त्यात ३० सेकंद वाजल्याशिवाय गाणं ऐकलं (स्ट्रीम) असं मोजलंच जात नाही, म्हणजे जे गाणं सावकाश रंगात येतं त्याची तर पंचाईतच.

पण मला सगळ्यात जास्त खटकतो तो स्पॉटिफायचाच डिस्कव्हरी मोड. हा २०२० मध्ये आला, कलाकाराने किंवा लेबलने (म्हणजे रेकॉर्ड कंपनीने) एखाद्या गाण्यासाठी कमी रॉयल्टी मान्य केली की ते ॲपमधल्या रेडिओ आणि ऑटोप्लेमध्ये (तुमची गाणी संपली की ॲप आपणहून पुढची लावतं ते) पुढे येण्याची शक्यता वाढते. मग हे गाणं माझी आवड बघून लागलंय की ते स्वस्तात पडतंय म्हणून, हे ऐकणाऱ्याला कसं कळायचं? निदान त्या गाण्याशेजारी तसं स्पष्ट लिहा ना!!

मी ऑटोप्ले बंदच ठेवलंय. गाणं आवडलं की क्रेडिट्स उघडून संगीतकार कोण, वाजवलंय कुणी ते बघतो आणि मग त्यांचं बाकीचं काम शोधत बसतो, वेळ जातो पण मजा येते.