विंडो सीट घेताय? आधी ए की एफ ते ठरवा

विंडोसाठी जादा पैसे मोजायचे आणि गोव्यापर्यंत पांढरा पंख बघत जायचं, हे हमखास घडतं. कारण आपण पुढची की मागची एवढंच बघतो. खरी गंमत बाजूत आहे.

विमानाच्या नाकाकडे तोंड केलं की ए डावीकडे, एफ उजवीकडे. मुंबईत विमानं बहुतेक वेळा पूर्वेकडून, म्हणजे आपल्या नवी मुंबईकरांच्याच डोक्यावरून येऊन २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरतात. कोपरखैरणे ओलांडून विमान खाडीवर आलं की एफवाल्याला ऐरोलीचा पूल, त्यामागे ठाणं आणि येऊरचे डोंगर, मग पवई, विहार. एवाल्याला वाशीचे पूल. त्यामुळे ठाणेकरांनी एफ, वाशी-नेरूळकरांनी ए. आपली बिल्डिंग शोधायला जेमतेम तीन मिनिटं मिळतात, मोबाइल आधीच हातात ठेवा! नवी मुंबई विमानतळावरही पूर्वेकडून उतरत असाल तर कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका डावीकडे, मलंगगड उजवीकडे.

गोव्याला जाताना विमान समुद्रावरून गेलं तर किनारा ए बाजूला. पण सकाळच्या फ्लाइटला ऊनही तिकडूनच. उन्हात खिडकीवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो, फोटोत पांढरा पडदा येतो. दुपारनंतरची फ्लाइट घ्या, तोच किनारा स्वच्छ दिसेल. दिल्ली-काठमांडू किंवा दिल्ली-बागडोगरा असेल तर विचारच नको, हिमालय डावीकडे. शंका असेल तर विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडारवर त्याच फ्लाइटचे मागचे चार-पाच दिवसांचे मार्ग बघा.

आता रांग. एअरबस ए३२० विमानात इमर्जन्सी एक्झिट साधारण १२-१३ व्या रांगेत, बरोबर पंखावर. ढोबळमानाने ९ ते २० सोडून द्या. ३ ते ७ उत्तम. २४ च्या मागे खाली मोकळं दिसतं, पण इंजिनाची गरम हवा मध्ये येते आणि झूम केलं की डोंगर वितळल्यासारखे दिसतात. एटीआर या छोट्या विमानाचा पंख वर असतो, त्यामुळे जवळपास कुठूनही जमीन दिसते. माझ्या मते नजाऱ्यासाठी ते छोटं विमानच भारी, आवाज सोसायची तयारी हवी.

खिडक्यांमधलं अंतर साधारण ५३ सेंटीमीटर, सीटमधलं ७१ ते ७६. ते जुळत नाही, म्हणून काही विंडो सीटच्या खांद्याशी नुसती भिंत येते. बोइंग ७३७-८०० मध्ये तर डावीकडे पंखाच्या जरा पुढे एका रांगेला खिडकीच नसते, तिथून एसीचा डक्ट वर जातो. एअरोलोपा या वेबसाइटवरच्या सीटच्या नकाशात खिडक्या सीटला कुठे येतात ते कळतं.

फोटो काढताना फोन काचेला टेकवू नका, थरथर उतरते. बोटभर अंतर ठेवा आणि पांढरा शर्ट टाळा, त्याचंच प्रतिबिंब पडतं. पोलराइज्ड गॉगल काढा, नाहीतर काचेवर इंद्रधनुष्याचे डाग दिसतील.

आणि निघायच्या दिवशी ॲपमध्ये सीट पुन्हा बघा. ऐनवेळी विमान बदललं तर तुमचा ५ए कुठेही गेलेला असू शकतो.