'ते लढलेच नाहीत' या फॉरवर्डला उत्तर

दर दोन-चार महिन्यांनी एक मेसेज ग्रुपवर येतो. मजकूर थोडा इकडेतिकडे, मुद्दे तेच. अमेरिकेतले 'रेड इंडियन' म्हणजे रानात भटकणारी माणसं. बंदुकीचा बार ऐकला आणि पळाली, लढलीच नाहीत. जी ख्रिस्ती झाली ती गोऱ्यांच्या मांडीवर जाऊन बसली. म्हणून आज त्यांचं नावनिशाण उरलेलं नाही. खाली 'आपण लढलो म्हणून टिकलो' हे असतंच. आपल्या लढण्याचा अभिमान मलाही आहे, पण त्यासाठी दुसऱ्याला पळपुटं ठरवावं लागत असेल तर तो अभिमान जरा तपासून घेतलेला बरा.

अख्ख्या खंडाबद्दल एका दमात बोलण्यात अर्थ नाही. एकच समाज घेऊ: निपमक. आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मधल्या पट्ट्यातले हे लोक. नावाचा अर्थ गोड्या पाण्याकाठचे.

'भटके' हा शब्द पहिल्यांदा निकालात काढू. मका, घेवडा आणि भोपळा हे लोक एकाच शेतात घ्यायचे. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो, खाली भोपळ्याची पानं जमीन झाकतात. हंगामाप्रमाणे मुक्काम हलायचा, पण ठरलेल्या जागांवरच परत यायचे. इंग्रजांनी ब्रुकफील्ड आणि लँकेस्टर ही गावं वसवली ती क्वाबॉग आणि नॅशवे इथल्या निपमक वस्त्यांना खेटून. रान मोकळंच होतं म्हणता, तर मग दुसऱ्याच्या कसलेल्या जमिनीला खेटून घर का बांधलं? पुढे इंग्रजांची गुरंडुकरं उभ्या पिकात शिरू लागली. भांडणाला सुरुवात अशाच गोष्टींनी होते, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला वेगळं सांगायला नको.

आता 'लढले नाहीत'. १६७४च्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेकाला कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन आला होता. पुढच्याच वर्षी जूनमध्ये त्याच्याच राजाच्या, दुसऱ्या चार्ल्सच्या, अमेरिकेतल्या प्रजेवर युद्ध येऊन आदळलं. ठिणगी पडली ती शेजारच्या वाम्पानोआग समाजाचा प्रमुख मेटाकॉम याच्या मुलखात. इंग्रज त्याला 'किंग फिलिप' म्हणत, म्हणून युद्धालाही त्याचंच नाव पडलं. पण काही आठवड्यांतच मेटाकॉमला स्वतःचा मुलूख सोडून निपमकांच्या आश्रयाला यावं लागलं, आणि तिथून पुढे युद्धाचा बराच भार निपमकांनी उचलला. नाव एकाचं लागलं आणि बाकीचे झाकले गेले, ते असे.

१४ जुलै १६७५ला निपमक पुढारी मॅटूनसने मेंडन या इंग्रज गावावर हल्ला केला. १६७१मध्ये बोस्टनमध्ये इंग्रजांनी त्याच्या मुलाला खुनाच्या आरोपावरून मारून त्याचं डोकं खांबावर लावलं होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला मुटॉम्प या दुसऱ्या निपमक पुढाऱ्याच्या लोकांनी बोलणी करायला निघालेल्या इंग्रज तुकडीला दलदल आणि टेकडी यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेत गाठलं. वाचलेले ब्रुकफील्डला पळाले, तर तिथे सगळं गाव एका घरात कोंडलं गेलं आणि बाकीची घरं जळाली. कुमक आल्यावर वेढा उठला, पण इंग्रजांना ते गाव सोडूनच द्यावं लागलं. युद्ध संपेपर्यंत न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे ईशान्येकडच्या त्या वसाहतींमधल्या, निम्म्याहून अधिक इंग्रज गावांवर हल्ले झाले होते आणि डझनभर गावं बेचिराख झाली होती. आणि बंदुकीचा बार म्हणाल, तर बंदुका त्यांच्याकडेही होत्या, त्याही चकमकीच्या दगडावर पेटणाऱ्या. दुरुस्तीसाठी स्वतःच्या भट्ट्या होत्या. मे १६७६मध्ये कनेटिकट नदीच्या धबधब्याजवळच्या तळावर इंग्रजांनी पहाटे झोपलेल्या लोकांची कत्तल केली, तेव्हा त्या भट्ट्याही आठवणीने फोडल्या.

हरले का? हरले. उपासमार, रोगराई आणि पश्चिमेकडून मोहॉक या दुसऱ्या मूलनिवासी समाजाचे हल्ले. शिवाय मोहेगनांसारखे शेजारी इंग्रजांच्या बाजूने होते. फूट होती, हे फॉरवर्डवाल्यांचं मान्य. पण फूट पडणं आणि न लढणं या दोन गोष्टी आहेत, आणि आपल्या इतिहासात दोन्हींतला फरक आपल्याला चांगला कळतो.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात खटकतो: बाटले ते गोऱ्यांचे झाले. जॉन एलियट या पाद्र्याने ख्रिस्ती झालेल्यांसाठी वेगळी गावं वसवली होती, त्यांतलं हॅसनामेसिट हे निपमकांचं. तिथला वोवॉस लहानपणी इंग्रजी शिकला आणि बोस्टनजवळच्या केंब्रिजच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. खिळे जुळवण्यात इतका तरबेज झाला की नावच पडलं जेम्स प्रिंटर. १६६३ साली स्थानिक भाषेतलं अख्खं बायबल या छापखान्यातून बाहेर पडलं, त्यात त्याचे हात होते.

अशा माणसाचं युद्धात काय झालं? ऑगस्ट १६७५मध्ये त्याला इतरांबरोबर खुनाच्या संशयावरून दोरीने बांधून बोस्टनला चालवत नेलं. खटल्यात तो निर्दोष सुटला. त्या शरद ऋतूत सरकारने नॅटिकसारख्या गावांतल्या ख्रिस्ती मूलनिवासींना बोस्टनच्या बंदरातल्या डीअर बेटावर नेऊन टाकलं. पुढे आणखी लोक आणले गेले, संख्या पाचशेच्या घरात गेली. हिवाळ्यात अन्न नाही, निवारा नाही. किनाऱ्यावरचे शिंपले खाऊन जेवढे जगले तेवढे जगले. ही त्यांची 'गोऱ्यांची मांडी'.

हॅसनामेसिटचे लोक लढणाऱ्या निपमकांबरोबर गेले, त्यांत जेम्सही होता. काहींना जबरदस्तीने नेलं, काही मनाने गेले. डीअर बेट समोर दिसत असताना ही सीमारेषा कुणी काढावी? फेब्रुवारी १६७६मध्ये मेडफील्ड हे इंग्रज गाव जाळून परतताना लढवय्यांनी पुलाच्या खांबावर एक चिठ्ठी ठेवली, इंग्रजीत. आशय असा: तुम्ही आम्हाला चिडवलंत, आम्ही २१ वर्षंही लढू; आमच्याकडे गमवायला फक्त जीव आहे, तुमच्याकडे मात्र चांगली घरं आहेत, गुरं आहेत, मालमत्ता आहे. चिठ्ठी जेम्सची असं बरेच अभ्यासक मानतात. ज्या लिपीत त्याला बायबल जुळवायला शिकवलं, त्याच लिपीत.

युद्ध संपत आल्यावर मॅटूनस, मुटॉम्प बोस्टनमध्ये मारले गेले. कित्येकांना गुलाम म्हणून वेस्ट इंडीजला विकलं. जेम्स मात्र परतला आणि पुन्हा छापखान्यात रुजू झाला. बायबलची दुसरी आवृत्ती करायची वेळ आली, तेव्हा मजकूर समजून-उमजून जुळवणारा हा एकच माणूस आमच्याकडे आहे, असं एलियटलाच लिहावं लागलं.

राहिलं नावनिशाण. ग्राफ्टन गावात हॅसनामिस्को नावाचा काही एकरांचा तुकडा आहे, जो निपमकांच्या हातून कधीच गेला नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने त्यांना १९७६ साली मान्यता दिली. केंद्र सरकारने मात्र २००४मध्ये नाकारली. मूलनिवासींना बोस्टन शहरात यायला बंदी करणारा १६७५चा कायदा तर २००५ साली रद्द झाला, तोही मूलनिवासींनीच पाठपुरावा केल्यावर.

डीअर बेटावर आज बोस्टनचं सांडपाणी शुद्ध करणारा अवाढव्य प्रकल्प आहे. दर ऑक्टोबरमध्ये निपमक आणि त्यांचे भाऊबंद तिथे जमतात, त्या हिवाळ्यात गेलेल्यांची आठवण काढायला.